वर्षाला किती पंप संपतात?

मागच्या हिवाळ्यात पुण्यात एका नव्या डॉक्टरांकडे गेले होते. स्टेथोस्कोप अजून त्यांच्या गळ्यातच होता, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "वर्षाला किती पंप संपतात?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. रात्री उठून बसावं लागतं का, घरात धूळ आहे का, मांजर आहे का, हे सगळं विचारून झालं होतं. मी मनातल्या मनात हिशेब केला. ऑफिसच्या बॅगेत एक, उशीखाली एक, स्कूटरच्या डिकीत एक. "आठ-नऊ तरी," मी म्हणाले. बहुधा थोड्या अभिमानानेच. माझ्याजवळ पंप नाही असं कधीच होत नाही, आणि मी ते माझ्या शिस्तीचं लक्षण समजत होते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तीनच्या वर गेले की मला काळजी वाटायला लागते."

मला दमा झाला तेव्हा मी सात वर्षांची होते, आता अठ्ठावीसची आहे. ज्या वस्तूवर मी सगळ्यात जास्त विश्वास ठेवला, तिच्याबद्दलच हा माणूस शंका घेत होता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. एखादी सिस्टीम वर्षानुवर्षं नीट चालली आहे असं आपण धरून चालतो, आणि कोणीतरी येऊन सहज विचारतं, "लॉग कधी बघितलेत का?" तेव्हा पोटात जो गोळा येतो, तोच तिथे आला. घरी येऊन मी या छोट्या निळ्या पंपाचा इतिहास वाचायला घेतला. त्यात जे सापडलं ते इथे लिहिते आहे, कारण माझ्या वयाच्या कितीतरी जणांच्या बॅगेत हा पंप असतो, आणि त्यांनाही हा प्रश्न कोणी विचारला नसेल.

धोतऱ्याचा धूर

दमा नसलेल्यांना वाटतं की अटॅक आला की श्वास आत घेता येत नाही. खरी अडचण बाहेर सोडण्याची असते. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, त्यात चिकट कफ साचतो. आत गेलेली हवा अडकून बसते आणि नव्या हवेला जागाच उरत नाही. काठोकाठ भरलेल्या कळशीत आणखी पाणी ओतावं, तसं. अशा वेळी गोळी गिळून तासभर वाट बघायला सवड नसते. औषध थेट छातीत पोचायला हवं, आणि लगेच.

ही गरज फार जुनी आहे. आयुर्वेदात या आजाराला 'तमक श्वास' म्हणतात आणि त्यावर दिल्या जाणाऱ्या कनकासवात धोतरा असतो. १८०२ च्या सुमारास मद्रासमध्ये जेम्स अँडरसन हे कंपनीचे वरिष्ठ डॉक्टर दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढायला सांगत. जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्याने हा उपाय ब्रिटनला नेला, एडिनबरोच्या डॉक्टरांपर्यंत पोचवला, आणि पुढच्या काही दशकांत युरोपभर दम्यासाठी सिगरेटी विकल्या जाऊ लागल्या. आज हे वाचून हसू येतं, पण त्यामागचं रसायन खरं होतं. धोतऱ्यातलं ॲट्रोपिन आवळलेले स्नायू सैल करतं. दवाखान्यात नेब्युलायझरमधून दिलं जाणारं इप्राट्रोपियम हे त्याच ॲट्रोपिनच्या घराण्यातलं औषध आहे.

लंडनचे डॉक्टर हेन्री हाइड सॉल्टर स्वतः दम्याचे रुग्ण होते. १८६० मध्ये त्यांनी दम्यावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात कडक कॉफीची शिफारस केली. तीही वेडगळ नव्हती, कारण कॅफिनने नलिका थोड्या मोकळ्या होतात. कादंबरीकार मार्सेल प्रूस्तला पहिला अटॅक आला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मोठेपणी पॅरिसमधल्या घरात आवाज आणि धूळ आत येऊ नये म्हणून त्याने खोलीला बुचाचं अस्तर लावून घेतलं होतं. तो दिवसा झोपायचा, रात्री लिहायचा, आणि दम्याची पूड जाळून खोली धुराने भरून टाकायचा. काडेपेटीच्या वासाने त्रास होतो म्हणून त्याच्यासाठी खोलीबाहेर एक मेणबत्ती कायम तेवत ठेवलेली असायची. पूड पेटवायची ती तिच्याच ज्योतीवर.

म्हणजे उपाय होते, पण ते माणसाला एका जागी बांधून ठेवणारे होते. धूर तुमच्यासोबत बाजारात येत नाही.

तेरा वर्षांच्या मुलीचा प्रश्न

१९०१ मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ॲड्रिनलिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. दोनच वर्षांत दम्याच्या अटॅकवर त्याचं इंजेक्शन द्यायला सुरुवात झाली. पुढे रबरी फुगा दाबून औषधाचे तुषार उडवणारी काचेची उपकरणं आली. पण काच फुटायची, औषध सांडायचं, आणि प्रत्येक दाबाला किती औषध बाहेर पडेल याचा भरवसा नसायचा.

१९५५ मध्ये लॉस एंजेलिसच्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीने वडिलांना विचारलं, माझं औषध हेअर स्प्रेसारखं डब्यात का नाही मिळत? तिला दमा होता आणि काचेच्या त्या उपकरणाला ती कंटाळली होती. वडिलांनी प्रश्न थट्टेवारी नेला नाही. कंपनीतल्या आयर्विंग पोरुश या रसायनतज्ज्ञावर काम सोपवलं. अत्तराच्या बाटलीसाठी बनवलेला एक व्हॉल्व्ह मिळाला, जो दर दाबाला ठरावीकच द्रव बाहेर सोडायचा, साधारण एका थेंबाएवढा. औषध बाहेर फेकायला फ्रीजमध्ये वापरतात त्या जातीचा सीएफसी वायू घेतला. १९५६ च्या मार्चमध्ये 'मेडीहेलर' बाजारात आला.

इंजिनिअर म्हणून मला या गोष्टीत तो व्हॉल्व्ह सगळ्यात आवडतो. त्याच्यामुळे डोस मोजता येऊ लागला. पण रुग्णाच्या दृष्टीने बदल याहून मोठा होता. पहिल्यांदाच अटॅकवरचं औषध खिशात मावत होतं. सुई नको, डॉक्टर नको, आईला हाक मारायला नको. बस चुकेल म्हणून पळता येणार होतं, परगावी राहता येणार होतं.

खिशातलं ते औषध संपलं की काय होतं, हे कळण्यासाठी चे गेव्हाराची बोलिव्हियातली डायरी वाचावी. ज्याचा चेहरा आपण टी-शर्टवर बघतो, तो माणूस स्वतः डॉक्टर होता आणि लहानपणापासून दम्याने बेजार होता. १९६७ मध्ये बोलिव्हियाच्या जंगलात त्याच्याजवळची औषधं संपत आली. ऑगस्टमध्ये लपवून ठेवलेला साठाही लष्कराच्या हाती लागल्याची बातमी त्याने रेडिओवर ऐकली. त्या दिवसाच्या नोंदीत त्याने हा फार मोठा फटका असल्याचं लिहिलं आहे. त्यापुढे आपल्याला दमा सोसतच राहावा लागणार, हे त्याला तिथेच कळून चुकलं होतं. ते वाचताना मी नकळत बॅगेतला पंप चाचपून पाहिला.

इंग्लंडमधली मुलं

इथवरची गोष्ट विजयाची आहे. मग १९६० चं दशक येतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये दम्याने होणारे मृत्यू अचानक वाढायला लागले. रिचर्ड डॉल हे तेच संशोधक, ज्यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवून दिला होता. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये आकडे मांडले. १० ते १४ वर्षांच्या मुलांमध्ये दम्याचे मृत्यू सात वर्षांत जवळपास आठपट झाले होते. ही मुलं दवाखान्यापासून दूर, दुर्गम भागात राहणारी नव्हती. उलट त्यांच्याजवळ नवं, आधुनिक औषध होतं. मरण पावलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा बहुतेकांनी दाबायचे पंप वापरलेले आढळले.

त्या पंपांत आयसोप्रेनलिन असायचं. ते श्वासनलिका मोकळ्या करतं, पण सोबत हृदयालाही जोरात पळवतं. काही देशांत त्याचा 'फोर्ट' नावाचा प्रकार मिळायचा, एका दाबात नेहमीच्या पाचपट औषध. पुढे १९७२ मध्ये पॉल स्टोली या अमेरिकन संशोधकाने दाखवलं की जिथे हा जास्त तीव्र पंप विकला गेला, तिथे मृत्यू वाढले. अमेरिकेत तो विकला जात नव्हता, आणि तिथे अशी लाट आली नाही.

नेमकं कशामुळे मृत्यू झाले यावर बरीच वर्षं वाद चालला. काहींच्या मते औषधाचा हृदयावर थेट परिणाम झाला. काहींच्या मते पंपाने तेवढ्यापुरता आराम पडत गेला, म्हणून लोक दवाखान्यात जायला उशीर करत राहिले. ब्रिटनमध्ये तोवर हे पंप चिठ्ठीशिवाय मिळत. डॉक्टरांना सावध करण्यात आलं, १९६८ मध्ये चिठ्ठी सक्तीची झाली, आणि मृत्यू कमी झाले.

यातलं दुसरं स्पष्टीकरण मला झोपू देत नाही. कारण ते मला ओळखीचं आहे. रात्री दोन वाजता दोन पफ, तीनला आणखी दोन, पहाटे पाचला पुन्हा. रूममेटला उठवायचं नाही, सकाळी स्टँडअप मीटिंग आहे. 'आत्ता बरं वाटतंय' हे त्या रात्री दर वेळी खरंच होतं.

निळा आणि तपकिरी

आयसोप्रेनलिनचा धडा घेऊन पुढचं औषध आलं. हृदयाला कमी धक्का देऊन मुख्यतः श्वासनलिकांवरच काम करेल असं रेणू शोधण्याचं काम इंग्लंडमध्ये डेव्हिड जॅक यांच्या गटाने केलं. १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल बाजारात आलं. आपण 'पंप' म्हणतो तेव्हा बहुधा यालाच म्हणतो. एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध, काही मिनिटांत आराम, चार-सहा तास परिणाम. बऱ्याच देशांत त्याचा रंग निळा असतो.

याच जॅक यांच्या गटाने तीन वर्षांनी, १९७२ मध्ये, दुसरा पंप आणला. त्यात बेक्लोमेथासोन हे श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड होतं. निळा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, पण आतली सूज तशीच राहते. तपकिरी पंप ती सूज उतरवतो. म्हणजे उत्तराचे दोन्ही भाग एकाच प्रयोगशाळेतून, तीन वर्षांच्या अंतराने आले होते.

पण रुग्णांनी दोन्ही सारखे स्वीकारले नाहीत. निळा दाबला की छाती उघडल्याचं जाणवतं. तपकिरी दाबला की काहीच जाणवत नाही. तो रोज, बरं वाटत असतानाही घ्यायचा असतो, आणि त्याचा परिणाम म्हणजे काहीतरी न होणं. न आलेला अटॅक कोणाच्या लक्षात राहतो? आम्ही कोड लिहिणारेही असेच. सर्व्हर रात्री बंद पडला की रीस्टार्ट करणाऱ्याचं कौतुक होतं, तो बंद पडू नये म्हणून महिनाभर राबणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही.

नेमक्या याच 'जाणवण्या'वरून पुढेही घोळ झाला. ओझोनच्या थराला धोका म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर सीएफसी वायू हळूहळू हद्दपार झाला, आणि पंपांमध्ये दुसरा वायू आला. अमेरिकेत २००८ च्या अखेरीस जुने साल्ब्युटामॉल पंप बंद झाले. नव्यात औषध तेच होतं, डोसही तेवढाच. पण घशावर बसणारा जुना थंडगार फटकारा गेला होता, फवारा मऊ झाला होता. अनेकांनी तक्रार केली की नवा पंप कामच करत नाही. त्यांना खोटारडं म्हणू नये. इतकी वर्षं त्यांच्या शरीराने त्या थंड फटकाऱ्यालाच आराम समजायला शिकलं होतं.

न्यूझीलंड

१९७६ नंतर न्यूझीलंडमध्ये पुन्हा तरुण माणसं दम्याने मरू लागली. तिथला मृत्युदर इतर देशांच्या कितीतरी पुढे गेला. वेलिंग्टनमधल्या काही तरुण संशोधकांनी, त्यांत नील पीअर्स, ज्युलियन क्रेन आणि रिचर्ड बीझली होते, मरण पावलेल्या आणि जगलेल्या रुग्णांची औषधं ताडून पाहिली. बोट फेनोटेरॉल या आराम देणाऱ्या पंपाकडे गेलं. तो देशात आला होता १९७६ मध्येच. १९८९ मध्ये त्यांचा निबंध 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्याला जोरदार विरोध झाला. पण फेनोटेरॉलवर निर्बंध आले आणि मृत्यू लवकरच जवळपास निम्म्यावर आले.

आणखी एक अहवाल मी दोनदा वाचला. २०१४ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ब्रिटनमधल्या दम्याच्या मृत्यूंची छाननी केली. ज्या १६५ मृतांच्या आरामाच्या पंपांची मोजदाद उपलब्ध होती, त्यांपैकी ६५ जणांना शेवटच्या वर्षात बारापेक्षा जास्त पंप लिहून दिले होते. सहा जणांना पन्नासपेक्षा जास्त. यातलं औषध साल्ब्युटामॉलच्या जातीचं, म्हणजे जुन्या औषधांपेक्षा खूप सुरक्षित. पण इतके पंप संपतात याचा अर्थ आतली सूज कोणीच बघत नाही. आकडा वर्षभर डॉक्टरांच्या संगणकात पडून होता.

डॉक्टरांनी मला तो प्रश्न का विचारला, ते इथे कळलं.

आमच्या घरातला पंप

भारतात सत्तरच्या दशकात मुंबईच्या सिप्लाने असे पंप बनवायला सुरुवात केली. औषध आलं, पण घराघरांत त्याच्याबद्दल एक वाक्यही आलं: "पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही."

आमच्या नांदेडच्या घरात हे वाक्य आत्या म्हणायची. त्यामुळे पंपाआधी बाकी सगळं झालं. कोजागरीच्या रात्री खिरीतून औषध झालं. मृगाच्या दिवशी बाबा मला घेऊन रात्रीच्या गाडीने हैदराबादला गेले. तिथे जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो गिळायला देतात. आम्ही शाकाहारी, म्हणून मला ते गुळातून मिळालं. मला आठवतं ते रांगेतलं ऊन, आणि बाबांनी डोक्यावर धरलेला त्यांचा रुमाल. मी त्या दिवसाला हसत नाही. लेकीचा श्वास अडकलेला बघवत नाही म्हणून एक माणूस चार तास उन्हात उभा होता.

शेवटी पंप आला तो दोन रंगांत. स्टेरॉइड हा शब्द ऐकून घरचे घाबरले. वजन वाढेल, वाढ खुंटेल, पुढे लग्नात अडचण. म्हणून रोज घ्यायचा तो पंप दोन महिन्यांत बंद झाला, आणि 'लागला तरच' घ्यायचा तो निळा राहिला. सवयीला घाबरणाऱ्या घराने नेमका तोच पंप सोडला, ज्याच्यामुळे निळ्याची गरज कमी झाली असती. श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडचा डोस किती लहान असतो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

मी चोवीस वर्षांची असताना एक स्थळ बघायला आलं होतं. आईने सकाळीच पंप कपाटात साड्यांखाली ठेवला. पोह्यांची फोडणी, उदबत्ती, नवा परफ्यूम. अर्ध्या तासात माझी छाती सुंसुं करायला लागली. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले, साड्या उपसून पंप काढला आणि बाथरूमचा नळ सोडून दोन पफ घेतले, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. आई दारात उभी होती. काही बोलली नाही. तिने साड्या पुन्हा घडी करून ठेवल्या.

जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात, असा अंदाज आहे. त्यामागे उशिरा होणारं निदान आहे, पैसा आहे, हवा आहे. आणि साड्यांखालचे पंपही आहेत.

आता

२०१९ मध्ये दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'जिना' या संस्थेने पन्नास वर्षांची रीत बदलली. बारा वर्षांवरच्या कोणत्याही रुग्णाला नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, असं तिने सांगितलं. त्याऐवजी लगेच आराम देणारं फॉर्मोटेरॉल आणि सूज उतरवणारं स्टेरॉइड एकाच पंपात द्यायचं. त्रास झाला की तोच घ्यायचा, म्हणजे आरामासोबत उपचारही आपोआप पोटात, नव्हे छातीत, जातो. हा बदल घडवणाऱ्या महत्त्वाच्या चाचण्यांपैकी एकीचे प्रमुख होते रिचर्ड बीझली. १९८९ च्या वेलिंग्टनमधले तेच.

मला ही कल्पना फार आवडली. 'रुग्णांना शिस्त नाही' असं तीस-चाळीस वर्षं ऐकवून झाल्यावर कोणीतरी पंपच असा बनवला, की माणसाच्या स्वभावाशी भांडावं लागू नये.

डॉक्टरांनी मलाही तसा पंप दिला. हे सगळ्यांना लागू पडेल असं नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. आणि घरात निळा पंप असेल तर हे वाचून तो फेकू नका. अटॅक आला तर तो न लाजता, लगेच घ्या, आणि आराम टिकत नसेल तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. फक्त मोजा. पूर्वी पंपावर आकडा नसायचा, लोक डबी पाण्यात तरंगवून औषध उरलंय का ते बघायचे. तेही भरवशाचं नव्हतं, कारण औषध संपल्यावरही नुसता वायू उडत राहतो. आता अनेक पंपांवर काउंटर असतो. मी नवा पंप उघडला की फोनमध्ये तारीख लिहून ठेवते. गेल्या अकरा महिन्यांत घरातला निळा पंप एकच उघडला आहे, आणि तोही अजून संपलेला नाही.

दिवाळीत नांदेडला गेले तेव्हा आत्याचा नातू भेटला. नववीत आहे, क्रिकेट खेळतो, ट्रॅकपँटच्या खिशात निळा पंप. "दीदी, मला काही होत नाही," तो म्हणाला, "लागला की दोन पफ मारतो, एकदम ओके."

"वर्षाला किती संपतात रे?" मी विचारलं.

तो हसला, आणि मग बोटांवर मोजायला लागला. एका हाताची बोटं संपली तेव्हा स्वयंपाकघरातून आत्या बाहेर आली आणि आमच्याजवळ येऊन बसली.